फूड प्रोग्राम: अमेरिकेत घरी मुलं सांभाळणाऱ्या मैत्रिणींचे नेहमीचे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते आणि घरी डेकेअर चालवते. आपल्या कितीतरी बायका चार-पाच मुलांना रोज गरम वरण-भात, भाजी-पोळी करून वाढतात आणि त्या किराण्याचा सगळा खर्च फीमधून, म्हणजे शेवटी स्वतःच्या कमाईतून करतात. सरकार या जेवणाचे पैसे देतं हे सांगितलं की दोनच उत्तरं येतात. "ते गरिबांसाठी असतं ना?" आणि "आपलं जेवण त्यांच्या नियमात कुठे बसणार?" या दोन समजांपायी हक्काचे पैसे सुटतात. खालचे सगळे प्रश्न मला कुणी ना कुणी प्रत्यक्ष विचारलेले आहेत.

फूड प्रोग्राम म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव चाइल्ड अँड ॲडल्ट केअर फूड प्रोग्राम. पैसा केंद्र सरकारच्या कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा. राज्यातलं एखादं खातं तो चालवतं. न्यू जर्सीत आणि टेक्ससमध्ये हे काम राज्याच्या कृषी खात्याकडे आहे, कॅलिफोर्नियात समाजसेवा खात्याकडे. सुरुवात १९६८ सालची, कायमस्वरूपी झाला १९७८ मध्ये. तुम्ही मुलांना नियमात बसणारं खाणं वाढायचं, त्याची त्याच दिवशी नोंद करायची, आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक ताटामागे ठरलेली रक्कम मिळते. किराण्याच्या पावत्या दाखवून पैसे मागायचे नसतात. किती मुलांना कोणतं खाणं वाढलं, एवढ्यावरच हिशोब होतो.

पण ही योजना गरिबांसाठी आहे ना? आम्ही घेतली तर कुणाचं काढून घेतल्यासारखं होईल.

नाही. घरगुती डेकेअरसाठी दोन दर आहेत. वरचा दर कमी उत्पन्नाच्या भागासाठी किंवा घरासाठी, आणि खालचा दर बाकी सगळ्यांसाठी. म्हणजे चांगल्या वस्तीत, चांगल्या पगाराच्या घरात डेकेअर चालवणारी बाईही यात बसते. शेजारणीचं काही कमी होत नाही, कारण पैसे वाढलेल्या जेवणाप्रमाणे मिळतात, ठरावीक रकमेतून वाटले जात नाहीत. आणि हे जेवण तुम्ही पहाटे उठून रांधलेलं असतं. त्याचा मोबदला घेताना संकोच कसला?

कोणाला सामील होता येतं?

राज्याचं लायसन्स, रजिस्ट्रेशन किंवा मान्यता असलेल्या घरगुती डेकेअरला. प्रत्येक राज्याचे शब्द आणि मुलांची मर्यादा वेगळी. न्यू जर्सीत पाचपर्यंत मुलं असतील तर रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, त्यामुळे बऱ्याच जणी ते करत नाहीत. फूड प्रोग्राम हवा असेल तर मात्र करावंच लागतं. कॅलिफोर्नियात छोट्या घराला जास्तीत जास्त ८ आणि मोठ्याला १४ मुलं चालतात. नुसतं ओळखीतल्या दोन घरांची मुलं सांभाळते, कागद काही नाहीत, अशा स्थितीत हे पैसे मिळत नाहीत.

सरकारशी थेट व्यवहार करता येतो का?

नाही, घरगुती डेकेअरला स्पॉन्सर लागतोच. ही राज्याने मान्यता दिलेली संस्था असते. ती तुमचं घर बघते, ट्रेनिंग देते, नोंदी तपासते, क्लेम पुढे पाठवते आणि पैसे तुमच्या खात्यात टाकते. एका वेळी एकच स्पॉन्सर.

मग स्पॉन्सर त्याचं कमिशन कापून घेतो का?

जेवणाच्या पैशातून काहीही कापायचं नाही असा नियम आहे. कामकाजाच्या खर्चासाठी त्याला सरकारकडून वेगळी रक्कम मिळते. कुणी "इतके टक्के आमचे" म्हणालं तर राज्याच्या खात्याला फोन करा.

टियर वन आणि टियर टू काय असतं?

१९९६ च्या कायद्याने ही विभागणी आणली आणि १ जुलै १९९७ पासून ती लागू झाली. टियर वन म्हणजे वरचा दर. तो मिळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली पत्त्याची: तुमच्या भागातल्या शाळेत निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, किंवा जनगणनेच्या आकड्यांप्रमाणे तो भाग कमी उत्पन्नाचा ठरत असेल. हा निकाल पाच वर्षं चालतो आणि तुमचा स्वतःचा पगार कुणी विचारत नाही. दुसरी वाट उत्पन्नाची: तुमच्या घराचं उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर. त्याचे कागद दरवर्षी द्यावे लागतात.

दोन्हीत बसत नसाल तर टियर टू. इथेही एक गोष्ट आपल्या बायकांना कुणी सांगत नाही. टियर टूच्या घरात एखाद्या मुलाच्या आईवडिलांचं उत्पन्न कमी असेल, तर त्या मुलापुरता वरचा दर मिळू शकतो. पालकांच्या उत्पन्नाचे फॉर्म स्पॉन्सरने गोळा करावेत अशी मागणी तुम्ही करायची. पालक फॉर्म थेट स्पॉन्सरकडे पाठवू शकतात, म्हणजे कुणाच्या घरी किती पैसे येतात हे तुम्हाला कळत नाही आणि पालकांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

कोविडनंतर जुलै २०२२ ते जून २०२३ हे एक वर्ष सगळ्याच घरांना टियर वनचा दर होता. त्या वर्षी सामील झालेल्या काही जणींना पुढच्या जुलैत रक्कम एकदम निम्म्याच्या आसपास आलेली दिसली आणि आपलं काही चुकलं असं वाटलं. चुकलं नव्हतं, सवलत संपली होती.

महिन्याला हातात किती येतात?

दर दरवर्षी १ जुलैला बदलतात. अलास्का आणि हवाईला जास्त असतात. अंदाज यावा म्हणून जुलै २०२३ ते जून २०२४ चे बाकी राज्यांतले दर सांगते. टियर वनला एका मुलाच्या नाश्त्याचे १.६५ डॉलर, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाचे ३.१२ आणि मधल्या खाण्याचे ०.९३. टियर टूला अनुक्रमे ०.५९, १.८८ आणि ०.२६.

समजा चार मुलं आहेत, महिन्याचे २० दिवस येतात, आणि तुम्ही नाश्ता, जेवण व एक खाणं देता. टियर वनला एका मुलाचे दिवसाला ५.७० डॉलर, म्हणजे महिन्याला ४५६. टियर टूला दिवसाला २.७३, म्हणजे महिन्याला २१८ डॉलर ४० सेंट. टियर टूच्या बायका "एवढ्याशा पैशांसाठी कोण लिहीत बसणार" म्हणतात तेव्हा मी त्यांना बारा महिन्यांचा गुणाकार करायला लावते. अडीच हजार डॉलरच्या वर जातो.

दिवसात किती वेळचं खाणं धरतात?

एका मुलामागे दोन जेवणं आणि एकदा मधलं खाणं, किंवा एक जेवण आणि दोनदा मधलं खाणं. नाश्ताही इथे जेवणातच मोजतात. साधारण १२ वर्षांपर्यंतची मुलं चालतात. तुमची मान्यता तशी असेल तर संध्याकाळचं आणि शनिवार-रविवारचं जेवणही धरता येतं.

माझं स्वतःचं मूलही त्याच पंगतीत जेवतं. त्याचे पैसे मिळतील?

तुमच्या घराचं उत्पन्न त्या १८५ टक्क्यांच्या आत असेल तरच, आणि त्या जेवणाला बाहेरचं निदान एक मूल हजर असेल तरच. फक्त पत्त्याच्या आधारावर टियर वन मिळालेलं असेल तर तेवढ्यावर स्वतःच्या मुलाचे मिळत नाहीत. वेगळ्या घरात राहणारी, रीतसर नाव घातलेली नात मात्र बाहेरच्या मुलांसारखीच धरली जाते.

ताटात काय काय असायलाच हवं?

दुपारच्या जेवणात पाच गोष्टी: दूध, प्रथिनांचा पदार्थ, भाजी, फळ आणि धान्य. फळाच्या जागी दुसरी वेगळी भाजी चालते. नाश्त्याला तीन: दूध, फळ किंवा भाजी, आणि धान्य. मधल्या खाण्याला पाचांतले कोणतेही दोन.

तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी दुपारचं माप असं: दूध पाऊण कप, प्रथिनं दीड औंस, भाजी पाव कप, फळ पाव कप, धान्य अर्धा औंस. शिजलेल्या भाताचा हा अर्धा औंस म्हणजे पाव कप भात. आपण मुलांना याहून जास्तच वाढतो. तेवढं वाढायचं असतं, मुलाने सगळं संपवलंच पाहिजे अशी अट नाही.

जेवणाबरोबर दूध ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते. मलाही पचायला वेळ लागला, कारण आपल्या घरात जेवताना पाणी किंवा ताक. पण दुपारच्या ताटाशेजारी दुधाचा पेला नसेल तर ते अख्खं जेवण बाद होतं. खिरीतलं किंवा शिजवण्यात वापरलेलं दूध धरत नाहीत. २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधं पूर्ण सायीचं दूध, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना साधं एक टक्का किंवा बिनसायीचं दूध असं आहे. पालक "आमच्याकडे फुल फॅटच देतात" म्हणतील. त्यांना आधीच समजावून सांगा.

वरण-भात, भाजी-पोळी चालते का?

चालते, आणि छान चालते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच, कारण आपल्या बायका फूड प्रोग्रामसाठी म्हणून मुलांना चीज सँडविच द्यायला लागतात आणि घरचं चांगलं अन्न बंद करतात. तसं करायची काहीच गरज नाही.

डाळी, उसळी, राजमा, छोले हे सगळे मांसाला पर्याय म्हणून धरले जातात. पाव कप शिजलेली डाळ म्हणजे एक औंस. चार वर्षांच्या मुलाला दीड औंस हवं, म्हणजे सहा टेबलस्पून शिजलेली डाळ. मात्र डाळ मोजायची, पाणी नाही. आपलं पातळ फोडणीचं वरण वाटीभर वाढलं तरी त्यात डाळ किती उतरते? म्हणून मी डेकेअरसाठी घट्ट गोडं वरण करते किंवा मुगाची उसळ. आणखी एक: डाळ प्रथिन म्हणून धरली की त्याच जेवणात तिला भाजी म्हणून पुन्हा धरता येत नाही. भाजी वेगळी हवी.

धान्याचा नियम असा की ते अख्खं तरी असावं किंवा त्यात जीवनसत्त्वं परत घातलेली, म्हणजे एनरिच्ड, तरी असावं. दिवसातून निदान एक धान्य अख्ख्या धान्याकडे झुकणारं हवं. गव्हाच्या पोळीला इथे अडचण येत नाही, फक्त कणकेच्या पिशवीवर पूर्ण गव्हाचं पीठ असं लिहिलेलं बघून घ्या. त्या लेबलचा फोटो काढून ठेवा. ज्वारी, बाजरी, नाचणी ही अख्खी धान्यंच आहेत, त्यामुळे भाकरी तर उत्तमच. अडतं ते पांढऱ्या तांदळाशी, रव्याशी आणि पोह्यांशी. भारतीय दुकानातल्या पिशवीवर एनरिच्ड असं नसेल तर ते धान्य म्हणून धरू नका. मी भातासाठी एनरिच्ड तांदूळ किंवा ब्राउन राइस आणते आणि पोहे मुलांना आवडतात म्हणून करते, पण त्या दिवशी धान्य म्हणून सोबत पोळीचा तुकडा देते. साबुदाणा हे धान्यच नाही, कंदाचा स्टार्च आहे, त्यामुळे खिचडी त्या रकान्यात बसत नाही. घरच्या भाजणीत कोणतं धान्य किती आणि डाळ किती हे तपासणाऱ्याला दाखवणं अवघड, म्हणून थालीपिठाआधी स्पॉन्सरशी बोला.

माझा एक नेहमीचा मेनू: मुगाची घट्ट उसळ, पोळी, गाजराची कोशिंबीर, केळं, दूध. एकही पदार्थ परका नाही.

घरी विरजलेलं दही?

नाही चालत, आणि ऐकून वाईट वाटतं. दही प्रथिनांत धरतात, पण ते विकतचं हवं. घरचं दही सुरक्षिततेच्या कारणाने मोजलं जात नाही. विकतच्या दह्यातही साखरेची मर्यादा आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून सहा औंसांत वरून घातलेली साखर १२ ग्रॅमपेक्षा जास्त नको. साधं, बिनसाखरेचं दही आणलं की प्रश्नच मिटतो. अर्धा कप दही म्हणजे एक औंस प्रथिन. घरी घुसळलेलं ताक दुधाच्या जागी चालत नाही. मुलांना ताक द्यायचं तर जरूर द्या, फक्त दूधही ठेवा.

पुऱ्या, बटाटेवडे, शिरा?

घरी तेलात बुडवून तळलेलं काहीच धरत नाहीत, म्हणून पुरी, वडा, भजी बाद. तव्यावर थोड्या तेलात परतलेलं चालतं. धान्याचे गोड पदार्थही २०१७ पासून बंद आहेत. शंकरपाळ्या, केक, कुकी यांना धान्य म्हणून लावू नका. संक्रांतीला तिळगूळ जरूर द्या, ते मेनूच्या कागदावर लिहू नका एवढंच.

सगळं शाकाहारी असेल तर?

चालतं. डाळी, विकतचं दही, चीज, टोफू, शेंगदाण्याचं लोणी यांवर आठवडा निघतो. खात असाल तर अर्धं मोठं अंडं म्हणजे एक औंस. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. पनीरचं मात्र कोणतं ब्रँड चालेल हे स्पॉन्सरला आधी विचारून ठेवा.

आईने डबा दिला तर?

डब्याच्या जेवणाचे पैसे मिळत नाहीत, आणि पालकांना डबा आणायला सांगून क्लेम लावणं तर सरळ फसवणूक आहे. खास आहाराची गरज असेल तर पालक एखादा घटक देऊ शकतात. ॲलर्जी किंवा आजारासाठी वैद्यकीय कागद लागतो. जेवणाचे वेगळे पैसे पालकांकडून घ्यायचे नाहीत.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर?

आईचं दूध किंवा लोहयुक्त फॉर्म्युला. तुम्ही निदान एक फॉर्म्युला देऊ केला पाहिजे. आईने तो नाकारून स्वतःचं काढलेलं दूध दिलं तरी क्लेम होतो, दुपारी येऊन तिने तुमच्या घरी पाजलं तरी होतो. साधारण सहाव्या महिन्यापासून, बाळाची तयारी दिसली की, वरचं अन्न. त्यानंतर पालकांनी एकच घटक द्यायचा, बाकीचे तुम्ही. रस द्यायचा नाही. वर्षाच्या आत मध तर थेंबभरही नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

नोंदी किती ठेवाव्या लागतात?

प्रत्येक मुलाचा प्रवेश फॉर्म पालकांच्या सहीचा, दरवर्षी नवा. रोजची हजेरी, रोजचा मेनू, आणि कोणत्या मुलाने कोणतं जेवण घेतलं त्याची खूण. हे सगळं त्याच दिवशी. तीन वर्षं जपून ठेवायचं.

पहिल्या वर्षी मी मेनू रविवारी रात्री एकदम भरायचे. एका बुधवारी स्पॉन्सरच्या बाई न सांगता आल्या. सोमवार-मंगळवारचे रकाने कोरे होते. जेवण दिलेलं होतं, मुलं धडधाकट समोर खेळत होती, तरी त्या दोन दिवसांचे पैसे गेले. त्या बाईंचं बरोबर होतं. तेव्हापासून कागद फ्रिजवर लावलेला आहे आणि मुलं झोपली की पहिलं काम तेच.

तपासणीला कधी येतात?

सुरुवातीला मान्यतेआधी एकदा, सुरू झाल्यावर चार आठवड्यांत एकदा, आणि पुढे वर्षातून तीनदा. त्यांतल्या निदान दोन वेळा न सांगता. राज्याची माणसंही येऊ शकतात. जेवणाच्या वेळी मुलांना घेऊन बागेत किंवा लायब्ररीत जाणार असाल तर आधी स्पॉन्सरला कळवा. न कळवता गेलात आणि नेमकं त्या वेळी कुणी आलं तर ते जेवण कापलं जातं.

खोटी मुलं दाखवणं, गैरहजर मुलाचं जेवण लावणं याचा शेवट वाईट होतो. नाव राष्ट्रीय अपात्र यादीत जाऊ शकतं, आणि तिथे ते सात वर्षं राहतं.

या पैशांवर कर भरावा लागतो का?

जेवणाच्या खर्चापेक्षा जास्त मिळालेल्या रकमेवरच. स्वतःच्या मुलासाठी मिळालेले पैसे करपात्र नसतात, आणि त्याच्या जेवणाचा खर्च वजाही करता येत नाही.

इथे एक मोठा फायदा दडलेला आहे. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, घरगुती डेकेअरला अन्नाचा खर्च ठरावीक दराने वजा करू देतं, आणि तो दर टियर वनचा असतो, तुम्ही टियर टूमध्ये असलात तरी. दिवसाला एका मुलामागे एक नाश्ता, एक दुपारचं जेवण, एक रात्रीचं जेवण आणि तीन खाण्यांपर्यंत वजा करता येतं. किराण्याच्या पावत्या लागत नाहीत, पण मुलांची नावं, तारखा, तास आणि दिलेली जेवणं यांची नोंद लागते. ती तर तुम्ही ठेवताच आहात. फक्त मिळालेले पैसे उत्पन्नात दाखवा, किंवा खर्चातून वळते करून उरलेलंच वजा करा. आपले बरेच नेहमीचे टॅक्सवाले सॉफ्टवेअरवाल्यांचे पगार बघण्यात तरबेज असतात, त्यांना हे माहीत असेलच असं नाही. त्यांना आयआरएसचं पब्लिकेशन ५८७ बघायला सांगा.

मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुळे मिळालेल्या व्हिसावर आहे. मला जमेल?

घरगुती डेकेअर हा व्यवसाय आहे, त्यामुळे काम करण्याची परवानगी हवी. २०१५ पासून काही एच-४ धारकांना ती मिळते. परवानगीशिवाय मुलं सांभाळून पैसे घेऊ नका, मग फूड प्रोग्राम दूरच. वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैसे कधी येतात?

तुम्ही महिन्याचा क्लेम दिला की स्पॉन्सर तो राज्याकडे पाठवतो. राज्याकडून रक्कम आल्यावर त्याने पाच कामाच्या दिवसांत तुम्हाला द्यायची असते. पहिल्या क्लेमला वेळ लागतो, तो धरून चाला.

भारतात घरगुती पाळणाघरांसाठी असं काही आहे का?

अंगणवाडीत पोषण आहार मिळतो. ती योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पण पुण्या-मुंबईत घरी मुलं सांभाळणाऱ्या मावशींना प्रत्येक ताटामागे पैसे देणारी अशी व्यवस्था नाही. असायला हवी असं मला फार वाटतं.

सुरुवात कुठून करू?

आधी लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन. मग राज्याच्या खात्याला फोन करून तुमच्या काउंटीत काम करणाऱ्या स्पॉन्सरची यादी मागा. दोघा-तिघांशी बोला आणि तीन गोष्टी विचारा: माझा पत्ता टियर वनमध्ये बसतो का, नोंदी कागदावर की ॲपवर, आणि भारतीय जेवणाचे मेनू तुम्ही आधी कुणाचे तपासले आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणणारा स्पॉन्सर मिळाला तर त्याच्याकडेच जा. नाही मिळाला तर पहिल्या भेटीलाच कणकेची पिशवी आणि डाळीचं पाकीट टेबलावर काढून ठेवा.